उजवा रूळ कोणता?

ब्रनोच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हातारे मित्र रांगेत उभे होते.

"ओताकार, शनिवारी क्लबात प्रदर्शन आहे, आणि आपली मॉडेल रेल्वे टेबलाच्या मध्यावर आली की अजून शॉर्ट सर्किट होतंय!"

"कारण डिजिटल कंट्रोल बसवताना तू लाल वायर चुकीच्या रुळाला जोडलीस, रादोव्हान."

"माझ्या अर्ध्या भागात मी उजव्या रुळाला जोडली."

"मीही उजव्यालाच!"

"अरे, तू टेबलाच्या पलीकडे बसला होतास. तुझा उजवा तो माझा डावा."

"चाळीस वर्षं खरी इंजिनं चालवलीत मी. मला उजवं-डावं शिकवतोस?"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, कुणीतरी एकाने आपल्या अर्ध्या भागातल्या दोन वायरींची अदलाबदल करा. पाच मिनिटांचं काम आहे."

"ऐकलंस? कर."

"मी का? तू कर!"

"मग हा डबा न्या," मुलगी म्हणाली. " गाडी मध्यावर आली की हा ज्या बाजूला लावाल तिथली जोडणी आपोआप उलटी करतो."

"वा! ओताकार, तुझ्या बाजूला लावू."

"माझ्या का? चूक तुझी आहे."

"बरं, मुली, दोन दे."

"दोन लावलेत तर दोन्ही एकदम उलटे होतील आणि पुन्हा शॉर्ट सर्किट होईल."

दोघांनी एकेक डबा उचलला.

"होऊ दे. मग चूक डब्यांची ठरेल."