तपकिरी सावली

मामा : म्हणजे एका डोळ्यानं मी पिवळा आणि दुसऱ्यानं पांढरा?

सर : तुम्ही नव्हे, मामा, तुमचा सदरा. तुम्ही दोन्ही डोळ्यांना सारखेच सावळे दिसता.

मामा : तेवढं तरी बरं. नाहीतर शाळेचा शिपाई ओळखायलाही तुम्हाला ऑपरेशन लागायचं.

सर : उजव्यातला मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झाले आणि आज प्रथमच मी माझ्या चित्रकलेच्या वर्गात उभा आहे. डावा अजून जुनाच. त्याची पाळी सोमवारी. उजवा झाकला की ही खोली मधाच्या बरणीतून पाहावी तशी दिसते. डावा झाकला की तीच खोली, पण आताच धुऊन वाळत घातलेली. दोन खोल्या आहेत, मामा, आणि मी मधल्या उंबरठ्यावर उभा आहे.

मामा : उभे राहा की, पण मला कुलूप लावायचंय. शाळा सुटून तास होत आला. आणि एक विचारू? रागावणार नाही ना?

सर : रागवायला डॉक्टरांनीच मनाई केली आहे.

मामा : मागच्या वर्षी ही समोरची भिंत मी दोनदा रंगवली. तुम्ही म्हणालात, पिवळी पडली. मी म्हटलं, पांढरी आहे. तुम्ही म्हणालात, मामा, रंगातलं मला शिकवू नका.

सर : म्हणालो होतो.

मामा : पांढरीच होती.

सर : आता दिसते आहे.

मामा : आणि ती तपकिरी रंगाची बाटली! महिन्याच्या आत संपायची. निळीचं झाकण मात्र सुकून असं घट्ट बसायचं की पक्कड आणावी लागायची. मला वाटायचं, हल्लीच्या पोरांना तपकिरीच आवडतो.

सर : पोरांना नव्हे, मला. तेवढ्यासाठीच मी तिला थांबायला सांगितले आहे.

मामा : कुणाला? ती नळाशी रंगाच्या ताटल्या धुतेय तिला? सातवीतली, चित्राच्या कोपऱ्यात सहीऐवजी ठिपका काढते ती ठिपकी?

सर : काढत असे. सातवीची मुले आता ही शाळा सोडून जातील, म्हणून ज्याची त्याची चित्रे परत द्यायला मी गठ्ठे सोडले. तिच्या गठ्ठ्यात पाचवीच्या सहामाहीपर्यंत प्रत्येक चित्रावर ठिपका आहे. त्यानंतर एकाही चित्रावर नाही. आणि तो जिथे थांबला, ते चित्र हे.

मामा : दोरीवर वाळत घातलेली चादर. झकास आहे की.

सर : चादरीची भिंतीवर पडलेली सावली पाहा.

मामा : तपकिरी आहे.

सर : ती माझी आहे. माझ्या ब्रशाचा फटकारा मला ओळखू येणार नाही का? तिने निळी सावली दिली होती. मी तिच्या पुढचा कागद ओढला, म्हटले, सावली कधी निळी असते काय, आणि वरून जाड तपकिरी फासला. मामा, आज सकाळी येताना मी फाटकापाशी थबकलो. आपल्या कुंपणाच्या पांढऱ्या भिंतीवर झाडाची सावली पडली होती. निळी होती हो. नुसती निळी!

मामा : म्हणजे पोरगी बरोबर होती.

सर : पोरगी बरोबर होती.

मामा : मग सांगून टाका. चुकलो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्यात एवढा घोळ कशाला?

सर : मी मोकळा होईन, यात शंका नाही. पण तिचा ठिपका कुठे गेला, तो परत कसा आणायचा, याचे उत्तर 'चुकलो' या शब्दात नाही.

मामा : हळू. आली बघा.

ठिपकी : सर, ताटल्या झाल्या धुऊन. एक फुटलीय, पण ती आधीच फुटलेली होती.

मामा : हिच्या हातात येणारी प्रत्येक ताटली आधीच फुटलेली असते.

ठिपकी : मामा, खरंच!

सर : बस इथे. हे चित्र आठवते?

ठिपकी : हो. पाचवीतलं आहे.

सर : कधीचे ते मला ठाऊक आहे. कुणाचे आहे?

ठिपकी : माझ्या गठ्ठ्यात आहे.

मामा : ही वकील होणार.

सर : त्यावर ठिपका का नाही?

ठिपकी : राहिला असेल.

सर : दोन वर्षे?

ठिपकी : पण सर, माझे मार्क कमी नाहीत ना झाले. सगळ्यांवर 'छान' आहे.

सर : तेही पाहिले. तपकिरी सावली, खाली माझा शेरा 'छान'. पुढचे पान, तपकिरी सावली, 'छान'. आपला शेरा वाचून आपल्यालाच घाम फुटावा, असे माझ्या नोकरीत प्रथमच घडले.

ठिपकी : सगळेच तशी देतात, सर. नवीन मुलं आली की आम्ही आधीच सांगून ठेवतो. ऊन कुठूनही येऊ दे, सावली तपकिरी द्यायची. तिला आम्ही 'सरांची सावली' म्हणतो.

सर : हसा, मामा. हसू दाबल्याने ठसका लागेल.

मामा : मी कुठे हसतोय? खोकला आहे तो.

सर : तुला त्या दिवशी चादरीची सावली निळी दिसली होती?

ठिपकी : तेव्हा दिसली होती.

सर : आणि आता कशा दिसतात सावल्या?

ठिपकी : आता मी बघत नाही. तपकिरी द्यायची हे ठाऊकच असतं ना. मग बघायचं कशाला?

मामा : अगं...

सर : बोलू द्या तिला. बरोबर बोलते आहे. आता माझे ऐक. माझ्या डोळ्यांवर पडदा येत होता. तो इतक्या सावकाश आला की मला तो पडदा वाटलाच नाही. जगच तसे आहे असे वाटले. त्या दिवशी तुझी सावली बरोबर होती. उद्या हे मी साऱ्या वर्गापुढे सांगणार आहे, पण आधी ते तुझ्या कानावर घालायचे होते.

ठिपकी : तुमचा डोळा आजारी होता, सर. तुम्ही काय मुद्दाम केलंत?

सर : डोळ्याच्या माथी मारू नकोस. मला तपकिरी दिसते, एवढेच त्याने सांगितले. तुला काय दिसते, हे विचारायला डोळा लागत नव्हता.

मामा : कुलूप राहू दे. मी बसतो जरा.

ठिपकी : सर... जुना डोळा अजून आहे?

सर : डावा आहे. सोमवारपर्यंत.

ठिपकी : त्यातून मी कशी दिसते?

सर : थांब, उजवा झाकतो. जुन्या फोटोतल्या मुलीसारखी दिसतेस. कुणाच्या तरी आजीचे लहानपण खुर्चीवर येऊन बसले आहे. केसांना तांबूस कड आहे आणि मागची भिंत सायीसारखी.

ठिपकी : आणि नव्यातून?

सर : हनुवटीखाली निळसर छाया. नाकावर हिरवा रंग.

ठिपकी : कुठे? अय्या!

मामा : आधीच लागलेला असेल.

ठिपकी : मामा, गप्प बसा ना! सर, पुन्हा जुन्यातून बघा ना. खिडकी कशी दिसते?

सर : खिडकीतले ऊन जड आहे. ओंजळीत धरले तर सांडणार नाही. पलीकडचे मैदान तळ्याच्या बुडाशी गेल्यासारखे आहे आणि त्यावरून चालणारा माणूस घाईत असला, तरी घाईत वाटत नाही. आत्ता घंटा वाजली, तर तिचा नादसुद्धा इथवर तरंगत तरंगत येईल.

ठिपकी : आणि सोमवारनंतर?

सर : सोमवारनंतर हे सारे पुसले जाईल. चांगलेच आहे ते.

ठिपकी : म्हणजे ही खोली अशी कुणालाच दिसणार नाही?

सर : आताही मला एकट्यालाच दिसते.

ठिपकी : मग ती चित्रात काढून ठेवायला नको?

सर : ते नंतर पाहू. आधी मला तुझ्या चित्रावरची माझी सावली काढायची आहे. ओल्या ब्रशाने वरचा थर सुटेल, पण भीती अशी की त्याच्याबरोबर तुझी निळीही जायची.

ठिपकी : नाही जाणार. ती मेणखडूची आहे. मेणावर पाणी चढत नाही, वरचाच रंग सुटतो. हे बघा, इथे खाली, नखाएवढं. मी तेव्हाच करून पाहिलं होतं.

सर : तेव्हाच? मग सगळी का नाही पुसलीस? तेव्हा चित्र तुझ्याच हाती होते.

ठिपकी : तो तुमचा रंग होता ना. आपल्या रंगावर दुसऱ्यानं हात फिरवला की कसं वाटतं, ते ठाऊक होतं मला.

मामा : घ्या.

सर : आता मी सांगतो आहे. पूस.

ठिपकी : पुसते, पण एका अटीवर. तुम्ही शेजारी बसून ही खोली काढायची. जुन्या डोळ्यानं. आत्ता.

सर : वेडी आहेस. इतकी वर्षे हा हात मुलांच्या चित्रांवरूनच फिरला. कोरा कागद पुढे घेऊन मी शेवटचा कधी बसलो, तेही आठवत नाही.

ठिपकी : तुम्हीच म्हणता ना वर्गात, आठवत बसू नका, बघा आणि काढा.

मामा : आता सापडलात, सर. पण नव्या डोळ्याला फडकं-बिडकं बांधू नका हं, दाब पडेल. चष्मा द्या इकडे. उजव्या काचेवर कागद चिकटवून देतो. हं, घाला.

सर : मामा, खिडकीपाशी उभे राहाल? तिथे एक माणूस हवा आहे.

मामा : पिवळा की पांढरा?

(बराच वेळ पाण्याच्या एकाच भांड्यात दोन ब्रश आळीपाळीने वाजतात.)

सर : मामांच्या सावलीपाशी आलो. कोणता रंग देऊ?

ठिपकी : मला काय विचारता? तुम्हाला काय दिसतं?

सर : तपकिरी.

ठिपकी : मग तपकिरी द्या.

सर : आणि तुला?

ठिपकी : थांबा, बघते. निळी... नाही, खाली बुटांपाशी थोडी जांभळी आहे. पण ते माझं झालं. तुम्ही तुमची द्या.

सर : दुरुस्त करणार नाहीस?

ठिपकी : छे! माझं काम झालंय. हात मागे घेऊन बसलेय, बघा.

मामा : मी हललो तर चालेल का? मान अवघडली.

सर : दोन मिनिटे, मामा. तुम्ही आता फार सुरेख पिवळे झाला आहात. ठिपके, तुझी सावली सुटली?

ठिपकी : सगळी. दोरीजवळ जरा खरवडली गेलीय, पण खाली निळी तशीच आहे.

सर : मग आता... कोपऱ्यात?

ठिपकी : कागद ओला आहे, सर. वाळू दे आधी.