दसऱ्याला सर्व्हरची सुट्टी

आमच्या घरी एक नियम आहे आणि त्यावर ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. दसऱ्याला सगळी यंत्रं बंद ठेवायची आणि त्यांची पूजा करायची. काका अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर आहेत, त्यामुळे या विषयात त्यांचाच शब्द शेवटचा.

दादाचा गेम खेळायचा जुना कॉम्प्युटर मी लिनक्स टाकून घरचा सर्व्हर केला होता. त्या सकाळी कॅमेऱ्यातले ताईच्या लग्नाचे फोटो त्यावर हलवत होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी आंघोळीला गेले आणि काकांनी भिंतीवरचं बटण बंद करून कॅबिनेटला झेंडूचा हार घातला.

"काका, फोटो चालले होते ना त्यात!"

"अगं, त्यालाही एक दिवस आराम नको का?"

हार काढून मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी सुरू झाली ती संपता संपेना. ताई माझा खांदा आवळून उभी होती. शेवटी फोटो उघडले, एकूण एक. आमच्या जिवात जीव आला.

काका खूश. "बघ, पूजेचं फळ! आता कर बंद."

"नाही करणार. आधी फ्रीज बंद करा, मग बोलू."

काका फ्रीजपर्यंत गेले आणि तसेच परत आले. श्रीखंड फ्रीजमध्ये होतं.