सतीश नव्हे, सदिश

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं रुपाली होय! नाव बघितलंच नाही, हातात कात्री होती. बोल गं.

हो, हो, पेढे मिळाले… छान होते… नाही, तुझे दादा फर्स्ट शिफ्टला गेलेत. आता चारपर्यंत मी आणि माझी मशीन. मे महिना, लग्नसराई, सगळ्या बायकांना उद्याच ब्लाऊज हवाय. तू बोल पटकन.

फोटो? कोणाचा, अक्षदाचा?… पांढऱ्या बॅकग्राउंडचा… कशाला गं?

फ्लेक्सवर?

थांब, थांब. मशीन बंद करते, आवाजात काहीतरी भलतंच ऐकू आलं मला… हं, आता सांग. महेंद्ररावांच्या क्लासच्या फ्लेक्सवर. बारावीला गणितात चौऱ्याण्णव, म्हणून आमच्या अक्षदाचा फोटो तुझ्या नवऱ्याच्या क्लासच्या फ्लेक्सवर. बरोबर ऐकलं ना मी?

नाही.

अगं नाही म्हणजे नाही, त्यात न समजण्यासारखं काय आहे? फोटो देणार नाही.

हो, आत्या आहेस तू तिची. कौतुक आहे तुला, माहितेय. कौतुक घरात कर ना, पुरणपोळी कर तिला, ड्रेस घे. पण फ्लेक्स कौतुकाचा नसतो रुपाली, जाहिरातीचा असतो. पुढच्या वर्षीची पोरं यावीत म्हणून असतो… मग? खोटं बोलतेय का मी?

'आमचीच विद्यार्थिनी'? किती दिवस गं? मोज. जून, जुलै आणि ऑगस्टचे बारा दिवस. बारा ऑगस्टला तुझ्या नवऱ्याने तिला जिन्यात बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तू मराठी मिडियमची, व्हेक्टर तुझ्या डोक्यावरून जातंय, तुझ्यापायी माझा शंभर टक्के निकाल बिघडेल. असं सांगितलं की नाही?

काढलं नाही? मग काय केलं?… 'ब्रेक दिला'. अच्छा. ब्रेक. मग परत कधी बोलावणार होते, निकाल लागल्यावर? आज ना? आज ब्रेक संपला!

अगं ऐक ना… ऐक आधी. मी आजवर एका शब्दाने बोलले नाही. नणंद आहेस, राखी बांधायला येतेस, म्हटलं जाऊ दे, घरातली गोष्ट. पण आता तूच काढलास विषय, तर ऐक. मला हे कसं कळलं ठाऊक आहे तुला? पोरीने सांगितलं नाही. 'घरी मी बोलतो, तू काही बोलू नकोस' असं काका म्हणालेले ना, म्हणून ती गप्प. तीन आठवडे रोज साडेचारला दप्तर घेऊन निघायची आणि सातला यायची. मी म्हणतेय, क्लासला जाते. आणि एक दिवस गॅलरीत माझ्या फोनवर मैत्रिणीशी बोलत होती, तेव्हा ऐकलं. "अगं, आधी सदिश म्हटलं की धडकी भरायची, आता आवडायला लागलाय मला. पण घरी कळता कामा नये. रोज संध्याकाळी ऐश्वर्याच्या जिन्यात बसते मी." आता हे सदिश प्रकरण मला कुठे माहीत! मी ऐकलं सतीश.

हसू नकोस… हो, सतीश! सतीश आवडायला लागलाय, जिन्यात बसते, घरी सांगायचं नाही. आईने काय समजायचं, सांग तूच. माझ्या पायाखालची जमीन सरकली. रात्रभर मी त्या सतीशचं तोंड डोळ्यांपुढे आणत होते. मिशी पण लावली त्याला.

हो ना… दुसऱ्या दिवशी गेले मागोमाग. छत्री घेऊन. पावसाची पण होती आणि सतीशच्या पाठीत घालायची पण होती. ऐश्वर्या म्हणजे तिच्या वर्गातली, तिच्या बिल्डिंगचा जिना चढले, तर पोर एकटी पायरीवर. मांडीवर वही, पुढे ऐश्वर्याचा मोबाईल. मी ओरडले, कुठाय तो सतीश? ती म्हणते, कोण सतीश? मी म्हटलं, मला वेडी समजतेस? तेव्हा तिने वही पुढे केली. वहीत एक बाण काढलेला. म्हणाली, आई, सदिश. व्हेक्टरला मराठीत सदिश म्हणतात. ह्याला लांबी असते आणि दिशा असते.

आणि मग रडली. जे काय रडली रुपाली… मला छत्री कुठे ठेवू कळेना. तिथे त्या पायरीवर बसून मला कळलं, की माझ्या पोरीला क्लासमधून हाकललंय.

पाया? महेंद्ररावांनी पाया घातला? अगं, पाया घालून खड्ड्यात ढकललं असं म्हण. शिकली ती त्या व्हिडिओंवर. मराठीतले व्हिडिओ, कुणीतरी बाई बनवते. तोंड दिसत नाही तिचं, नुसता हात दिसतो. हिरव्या बांगड्या, अंगठ्याला कधी पट्टी बांधलेली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने काढून दाखवते. मागे कुकरच्या शिट्ट्या होतात, तरी ती थांबत नाही. एकदा चुकली तर म्हणाली, अगंबाई, चुकलं माझं, असं तुमचंही चुकेल, परत बघा. तुझा नवरा म्हणालाय कधी, चुकलं माझं?

…हं. मग पायाचं मला सांगू नकोस.

आणि त्यानंतर माझ्या घरी, माझ्या मोबाईलवर शिकली. दोऱ्याच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायची, मी हूक लावत ऐकायचे. गिऱ्हाइकाचे फोन कट करत होते मी, सांगत होते, पाठ चालू आहे. नंतर इंग्रजी शब्द घातले तिने त्यात. वहीत एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. आणि एकदा अडली होती ना, त्या तिरक्या बाणाचं आडवं किती आणि उभं किती, तेव्हा ते तर मी सांगितलं तिला.

अगं खरंच मी! दहावी पास असले म्हणून काय झालं? मी म्हटलं, हे तर आमचं उरेब आहे. कापडाला उभा धागा असतो, आडवा असतो, आणि आपण तिरकं कापतो तेव्हा थोडं ह्याचं, थोडं त्याचं, दोन्हींचं मिळून ते तिरकं होतं. गळ्याची पट्टी कापून दाखवली तिला. ती बघतच राहिली माझ्याकडे… तेव्हा फोटो लावायचाच असेल तर त्या बाईच्या हाताचा लावा. नाहीतर माझ्या मशीनचा लावा. महेंद्ररावांचं आयत्या बिळावर नागोबा नकोय.

हो, बोलतेय मी जावयाला. चढ्या आवाजात बोलतेय. कर दादांना फोन, खुशाल कर. ते म्हणतील, जाऊ दे, घरचंच आहे. मला माहितेय ना. पण फोटो माझ्याकडे मागितलास, तर उत्तर पण माझंच ऐक.

एक विचारू?… खरं सांग पण. ऑगस्टमध्ये तिला काढलं, ते तुला माहीत होतं?

रुपाली?

…म्हणजे माहीत होतं. गणपतीत पाच दिवस माझ्याकडे होतीस. माझ्या शेजारी बसून मोदक वळलेस. मी तुला म्हटलं, अक्षदा गप्प गप्प असते गं हल्ली, तर तू म्हणालीस, वय आहे वहिनी. माहीत असून म्हणालीस.

नको, सॉरी नको म्हणू आता. लागलं मला. खूप लागलं. महेंद्ररावांचं एवढं लागलं नव्हतं… राहू दे. रडू नको. नाही, मी काही ठेवत नाहीये फोन, बोल.

काय?… परत बोल. लावलाय म्हणजे?

अगं फोटो मागतेस आणि लावलाय म्हणतेस! मग मागतेस कशाला?… अंधुक आलाय. माझ्या डीपीवरून काढला, तो मोठा करून अंधुक आला, म्हणून चांगला हवाय. म्हणजे विचारायचं नव्हतंच, नुसता साफ फोटो हवा होता. वा गं वा! कधी लावला?… काल संध्याकाळी. कुठे?… स्टेशनबाहेर, ईस्टला, रिक्षा स्टँडच्या रेलिंगला. म्हणजे सगळ्या ठाकुर्लीने बघितला, आई सोडून.

ठीक आहे. निघाले मी. कात्री हातात आहेच.

हो, कापणार! माझ्या पोरीचं तोंड आहे ते, मी कापून घरी आणणार. बाकी फ्लेक्स तुमचा तुम्हाला लखलाभ… अहो काकू, ब्लाऊज संध्याकाळी न्या हो, मी जरा बाहेर चाललेय… नाही, तुला नाही गं, गिऱ्हाईक आहे. चप्पल कुठे गेली माझी… कुलूप…

काय म्हणालीस? अक्षदाला विचारलेलं? कधी?… आज सकाळी तिच्या नव्या मोबाईलवर फोन केलास. आणि ती हो म्हणाली?

नक्की काय म्हणाली?… "असू दे आत्या, राहू दे फ्लेक्स. मी बघून येते." असं म्हणाली.

…नाही, मला बोलली नाही. सकाळी लवकर आवरून बाहेर पडली, म्हणाली, येते तासाभरात. मला वाटलं, मैत्रिणीकडे.

काही नाही, चालतेय गं. ऊन आहे, म्हणून दम लागतोय… तिला असं वाटत असेल का, की आत्याचं मन मोडू नये? तशीच आहे ती. तीन आठवडे जिन्यात बसली पण तुमची अब्रू झाकली तिने. आता पण झाकेल. त्याचीच भीती वाटते मला. अशाने आयुष्यभर हेच करेल, लोक ढकलतील आणि ही वर त्यांना म्हणेल, असू दे. गणितात चौऱ्याण्णव मिळवून काय उपयोग मग? माझंही असंच गेलं ना! मी कधी बोलले कुणाला? तिचं तसं नाही होऊ देणार मी. ती हो म्हणाली तरी मी कापणार, मग माझ्यावर रागावली तरी चालेल.

नको येऊ तू. कल्याणहून येईपर्यंत माझं काम झालेलं असेल… आले, स्टँड दिसतोय. हो, दिसला. एवढा मोठा? अगं बाई, महेंद्रराव केवढे! हाताची घडी घालून. बाकी पोरं म्हणजे त्यांच्या शर्टाची बटणं वाटतायत.

आणि ही आमची. मधोमध… रुपाली, हा तुझ्या दिराच्या लग्नातला फोटो. मी होते ना शेजारी! मला कापलंय. खांद्यावर माझी बोटं तेवढी राहिलीत.

वाचते, थांब. "गणित ९४. हार्दिक अभिनंदन. आमच्या क्लासची…" हे काय आहे?

नाही, छापलेलं नाही. हाताने लिहिलंय. काळ्या मार्करने, मध्ये खूण करून वर लिहिलंय. "आमच्या क्लासची, काढून टाकलेली, विद्यार्थिनी." आणि खाली बारीक अक्षरात, "१२ ऑगस्ट. अ. सा. वाघचौरे."

अगं मी कशाला लिहू! मी आत्ता पोचतेय. तिचं अक्षर आहे, मी ओळखत नाही का? सही पण केलीय, लपवलं नाही काही… मार्कर माझाच असणार, ब्लाऊजच्या पिशव्यांवर नावं घालायचा. धुतलं तरी जात नाही ते, मी सांगते तुला.

हो, वाचतायत लोक. रिक्षावाले सगळे वाचतायत. एक बाई पोरीला घेऊन उभी आहे, ती फोटो काढतेय… अगं, मला काय करायला सांगतेस? मी कशी थांबवू?

काय?… महेंद्ररावांना सांगून आत्ता उतरवतेस? अर्ध्या तासात माणूस पाठवतेस?

खबरदार. हात लावायचा नाही. आता कोण फ्लेक्स उतरवतो तेच बघते मी. निकालाचा फ्लेक्स पंधरा दिवस राहतो ना? हाही राहील. पंधरा दिवस रोज येईन मी बघायला… घरची अब्रू? त्यात खोटं काय लिहिलंय ते सांग. एक शब्द खोटा दाखव, मी स्वतः पुसते.



नाही गं, मी नाही शिकवलं तिला हे. मी तर कापणार होते. मला वाटलं, ती गप्प बसेल… मला काय माहीत होतं माझी पोर एवढी… नाही, रडत नाहीये मी. बरं, रडतेय. खूप बरं वाटतंय मला, म्हणून रडतेय. आता काहीही बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

ठेव फोन, रुपाली. मला इथे जरा उभं राहू दे.