बाण नसलेला गेम

निकेश : थांबलास का? बोल ना. कायपन बोल. तुज्या त्या गेमचंच सांग.

झियान : या अल्लाह, आता गेमचं काय सांगू? मला माझेच पाय दिसत नाहीत.

निकेश : म्हनून तर बोल. गप बसलं की तू होडीत हाईस का न्हाय त्येबी कळत न्हाय.

(आगरदांड्याच्या खाडीत सकाळचं धुकं असं उतरलंय की एकाच होडीत बसलेल्या दोघा मित्रांना एकमेकांची तोंडंसुद्धा नीट दिसेनात. होडी निकेशच्या बापाची, न विचारता आणलेली. झियान पुढच्या आठवड्यात मामूच्या दुकानावर दुबईला चाललाय. गेममध्ये सात समुद्र पालथे घालणारा हा पठ्ठ्या खऱ्या होडीत मात्र आज पहिल्यांदा बसलाय, आणि बसल्याचा पुरेपूर पश्चात्ताप करतोय. फेरीबोटीचा भोंगा ऐकू यावा म्हणून इंजिन बंद ठेवलंय.)

झियान : बरं. त्यात झोपल्याशिवाय सेव्ह होत नाय. भूक लागते. जखम बांधली नाय तर सडते. आणि बाण नाय. कुठं जायचं ते कोण दाखवत नाय, लोकांना विचारत जायचं.

निकेश : आनि याला तू मजा म्हनतोस.

झियान : मग काय! मोठ्या कंपन्यांचे गेम बघ. सगळे एकाच साच्यातले. एकट्यानं खेळायचा गेम लोकांना नको, हे त्याच ठरवतात. काढला तर त्यालाही इंटरनेट लागतं, आणि पावलापावलावर सोनेरी बाण. डोकं घरी ठेवून या.

निकेश : मला बाणच पायजे. तुला काय? तू पंख्याखाली बसून हाल सोसतोस. मी बाच्या संगं जाळी ओढून येतो, मंग गेममंदीबी भूक, गेममंदीबी जखम? बाण दाव, मी पळतो, दोन राक्षस मारतो, झोपतो. कंपनी मोठी असू दे न्हायतर बारकी.

झियान : पण बाण असला की माणूस बाणाकडेच बघतो रे. गाव बघतच नाय.

निकेश : श्शू! भोंगा. आयकलास?

झियान : कुठून?

निकेश : उजवीकडनं. न्हाय, मागनं. धुक्यात कळत न्हाय. फेरीबोट सुटली.

झियान : तिला आपण दिसणार नाय.

निकेश : मला म्हाईत हाय! इंजिन चालू करतो. मोबाईल बग, निळा टिपका काय सांगतो?

झियान : तुमची वाडी समोर दाखवतोय. सरळ.

निकेश : मंग सरळ मारतो.

झियान : थांब! निकेश, थांब. ओहोटी आपल्याला ओढतेय ना?

निकेश : ओढतेच हाय.

झियान : मग टिपका जागचा हलत का नाय? बॅटरी लाल झाली तेव्हाच तो अडकलाय.

निकेश : मंग कुटं जाऊ? सांग ना! बा खुना बगून येतो. देवळाचा कळस डोंगराखाली आला की वळ म्हनतो. मी कदी बगितल्याच न्हाईत. मी आपला मोबाईल बगतो.

झियान : रडू नको.

निकेश : मी न्हाय रडत.

झियान : मग मीच रडतोय वाटतं. थांब. वास येतोय.

निकेश : डिझेलचा?

झियान : नाय. बोंबलांचा. वलांडीच्या दोऱ्यांवर वाळत घालता ना, त्यांचा.

निकेश : मला कायबी येत न्हाय.

झियान : तुला कसा येईल? तू त्यातच जन्मलास. मी तुझ्या दारात पहिल्यांदा आलो तेव्हा नाकाला रुमाल लावला होता, आणि तू आठवडाभर बोलला नव्हतास.

निकेश : मरायच्या टायमाला उणीदुणी काडतोस?

झियान : उणीदुणी नाय रे! वारा कुठला आहे आता?

निकेश : सकाळचा. मतलई. जमिनीवरनं पान्यावर येतो. म्हंजे वास येतो तिकडं...

झियान : तिकडं तुझं घर.

निकेश : हात कर त्या बाजूला. हळूच नेतो.

झियान : डावीकडं. अजून. आता गेला वास. परत थोडं मागं. हां, असंच.

निकेश : झियान, टिपका उलटा दावत हुता. भाईर, समिंदरात.

झियान : भोंगा! जवळ आला!

निकेश : मागनं चाललीय. घट धर, लाट येईल.

झियान : बिस्मिल्लाह, बिस्मिल्लाह, बिस्मिल्लाह...

निकेश : गेली. आपन हुतो तितनंच गेली.

भागुबाई : (काठावरून) कोन हाय? कोन त्यो पान्यात?

निकेश : आये! आये, मी हाय!

भागुबाई : निक्या? मेल्या, जीव घेशील माजा! आनि तुजा बा कुटं हाय?

निकेश : बा? बा घरी न्हाय?

भागुबाई : होडी जाग्यावर न्हाय बगून शेजारच्या सदाची होडी घिऊन गेला तुमाला हुडकाया. तिला इंजिनबी न्हाय, वल्हीच हाईत. म्हनलं धुकं उठू दे. तर म्हनतो, खुना मला म्हाईत हाईत, पोराला न्हाईत.

झियान : मावशी, धुक्यात खुणा कुठल्या दिसतात!

निकेश : आनि बाच्या नाकालाबी वास येनार न्हाय, झियान. त्योबी हितंच जन्मला. उतर तू. मी जातो.

झियान : कुठं जाशील? आणखी एक हरवेल. फेरीबोट परत फिरेल आता. आवाज करू आपण. मावशी, थाळी आहे?

भागुबाई : ही घे, पितळी हाय. पन धुक्यात आवाज कुटनं येतो त्ये कळत न्हाय, बाबा.

झियान : नाय कळलं तर नाय कळलं. पोरगं घरी आलं एवढं तर कळेल. शोधत पुढं जाणार नायत ते.

निकेश : बा! ए बा! मी आलो! घरी हाय मी!

झियान : किती वेळ वाजवायची, मावशी?

भागुबाई : त्यो येईस्तवर.