चार चाकं, चार लिंबं

चहा निवतोय तोवर आमच्या शिवानीच्या गाडीचं सांगतो. शिवानी म्हणजे माझी नात. नांदेडला स्केटबोर्डच्या स्पर्धा बघून आली अन् तसलीच चाकाची फळी तिनं घेतली. सूनबाईनं बजावलं, "एकदा जरी पडलीस, तर फळी परत दुकानात."

आता नवी गाडी आली की आपण चाकाखाली लिंबू ठेवतोच. पोर पडू नये म्हणून मी हळूच चारी चाकांपुढं लिंबं ठेवली. ट्रॅक्टरखाली लिंबू फुटतं. हिथं लिंबूच चाकाएवढं. शिवानीनं रेटा दिला, फळी जागच्या जागी अडली अन् पोरगी पुढं अंगणात.

सूनबाई धावत आली. "पडलीस ना?"

"आई, स्केटिंगच्या सरांनी आधी पडायलाच शिकवलंय. गुडघे वाकवायचे, अंग सैल सोडायचं. बघ, कुठं खरचटलंय का?"

सूनबाईनं कोपरं बघितली, गुडघे बघितले, मग लिंबं बघितली.

"फळी राहू दे," ती म्हणाली. "मामंजी, उद्यापास्नं तुम्ही मात्र ओट्यावरच बसा."

बसतोय की. तिथनं लई चांगलं दिसतं.