बाळाचे उडालेले गाल

फ्लॉरेन्सच्या रंगाऱ्याकडे एका म्हातारीने मारियामातेचं मातीचं उठावचित्र डागडुजीला आणलं होतं. मागे बाकावर आपल्या पाळीसाठी ताटकळलेल्या लापा नावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कानावर दोघांचं बोलणं पडत होतं.

"आईचा रंग शाबूत आहे, मग मांडीवरच्या बाळाचेच गाल कसे उडाले, आजी?"

"सून मुके घेते. दिवसभर."

"तिचं स्वतःचं बाळ?"

"खेड्यात दूधआईकडे. माझ्या मुलाचा हुकूम. आमच्या घराण्यात तसंच करतात."

"तुमचीही धाडली होती?"

"चारही. एकच परत आला. तोच आता हुकूम सोडतो."

"मग हे उंच टांगा. तिचे ओठ पोचणार नाहीत."

म्हातारीने उठावचित्र परत उचलून घेतलं. लापाने सरकून बाकावर जागा दिली, पण म्हातारी बसली नाही.

"रंग राहू दे, बाबा. खेड्याकडची गाडी कुठून सुटते, तेवढं सांग."