पाय हलवू नकोस

—नाही, पाय हलवू नकोस. शंतनू, ऐक माझं. डावा कुठेही ठेव, उजवा आहे तिथेच, ब्रेकच्या पेडलवर. दाबून. हां. आणि वाकून बघू नकोस, मी बाजूलाच उभी आहे. भूमिपूजन आपल्या घराचं, बिल्डरच्या रोलरला हार कशाला — पण आई म्हणाल्या यंत्राचीही पूजा हवी, आणि लगेच चढलास वर! बायको रोज हीच मशिनं तपासते, तिला विचारावं एकदा? नाही. आणि हार घालायला तुला हँडब्रेकचाच दांडा मिळाला? तोही खाली ढकलून? बरं, बरं, रागवत नाहीये. आवाजच असा निघतोय.

आता दांडा वर ओढून बघ. हळू. सैल येतोय, काहीच पकडत नाही? मग आतली केबल तुटली. होतं असं, जुन्या मशिनांकडे कोणी बघत नाही. इंजिन कसं चालू करणार, किल्ली ऑपरेटरकडे आणि आज रविवार. बरं, पेडल कसं लागतंय? स्पंजसारखं मऊ, की कडक आहे पण खाली खाली जातंय? नीट सांग, दोन्ही वेगळी दुखणी आहेत. खाली जातंय. हळूच ना? जाऊ दे, जुन्या रोलरचं असंच असतं — नसतं रे असं. तेल गळतंय कुठेतरी. नाही, पाय उचलून परत मारायचा नाही! उचललास की तेवढ्यात हे सुटेल. आमच्या कामाच्या शेडमध्ये बरं असतं, सपाट फरशी, सगळ्या चाकांना अडसर, घाई नाही. टेक्सासमधलं हे अख्खं फ्रिस्को पोळपाटासारखं सपाट, आणि आपल्याच प्लॉटला हा उतार, तोही थेट मागच्या फेन्सकडे.

हो, गाणी मलाही ऐकू येतायत. फेन्सपलीकडे बर्थडे आहे, पोरांना उड्या मारायला हवेचं ते बाउन्स हाऊस लावलंय. म्हणूनच तू उडी मारायची नाहीस. दहा टनांचं धूड आहे हे, ती लाकडी फेन्स याला काय अडवणार? आपला अनीश पळत गेलाय सांगायला, पण पूर्ण गल्लीला वळसा आहे. फोन कोणाला करणार, नवीन लोक आहेत, नंबर कुठाय आपल्याकडे? आणि त्यात हवा भरणाऱ्या पंख्याच्या घरघरीत आपली हाक कोणाला ऐकू जातेय. रुही? पोरगी आईंजवळ आहे. सांगितलं ना, आईंजवळ!

थांब, हे अडसराचं लाकूड जरा तिरकं — अगं बाई! काही नाही. थेंब पडला मनगटावर. तेलाचा. हो, खाली आहे मी. मागच्या चाकांच्या पुढ्यात. बाजूने घट्ट बसत नाही ते, पुढूनच ठोकावं लागतं, मग काय करू? ओरडू नकोस! तू ओरडलास की तुझा पाय हलतो, आणि मला इथे डोक्यावर सगळं करकरताना ऐकू येतं. घाबरलेय मी, हो, खूप घाबरलेय. हातोडी दोनदा बोटावर बसली. पण फेन्सच्या फटीतून ते लाल जॅकेट उड्या मारताना दिसतंय, आणि ते दिसतंय तोवर मी काही बाहेर येणार नाही —

हो. आपल्याच रुहीचं. त्यांनी बोलावलं, ती एवढी खूश झाली, माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. तुला सांगणार नव्हते. शंतनू, पाय! दाब! कळलंय ना आता, मग दाब. रडायचं तर रड, पण दाबून रड.

एक बसलं. दुसरं — थांब — बसलं. पेडल कुठे आहे? तळाला टेकलं? मग आता तुझ्या पायात काहीच राहिलं नाही, जे काय आहे ते या दोन लाकडांत. मी आले बाहेर. खरंच आले, हा बघ हात. आता काढ पाय. जरा सरकेल, लाकडाला टेकेल. काढ म्हणते ना.

सरकला...

थांबला. थांबला रे.

उतर. वरच्या बाजूने उतर. नाही, माझ्याकडे येऊ नकोस, मला काही झालेलं नाही, नुसती बसलेय. तिला घेऊन ये आधी. अरे, उभा काय राहिलास? जा ना!